हौदा किती फुटांचा?

नवा टेम्पो घ्यायला माणूस शोरूममध्ये शिरला की तिथला टाय लावलेला मुलगा त्याला इंजिनाचे सीसी, हॉर्सपॉवर आणि वॉरंटीची वर्षे पाठ म्हणून दाखवतो. घेणारा ऐकतो, मान हलवतो आणि सरळ हौद्यात चढतो. पावलांनी लांबी मोजतो. फाळका पाडून पुन्हा वर लावतो, कडी नीट बसते का ते पाहतो. मग खाली वाकून कमानपाटे मोजतो. एवढे झाल्यावर तोंड उघडतो ते एकाच प्रश्नासाठी, ‘‘ओढते का?’’

या सदरात आम्ही एरवी मुलांचे शिक्षण, घरखर्च, आजारपाजार यांवर लिहितो. या खेपेला टेम्पोवर लिहितो आहोत, कारण आपल्या कितीतरी घरांत आज टेम्पो हीच शेतजमीन आहे. ज्यांच्या आजोबांच्या नावावर सातबारा नव्हता, त्यांच्या नातवाच्या नावावर आरसी बुक आहे. दुसऱ्याची गाडी दहा-दहा वर्षे चालवून, पै-पै जोडून माणूस स्वतःची गाडी घेतो तेव्हा ती खरेदी एकट्याची नसते. त्यात बायकोचे डोरले असते, आईची भिशी असते, मेव्हण्याची जामीनकी असते. म्हणून ही गाडी निवडताना लोक काय पाहतात, आणि काय पाहायचे राहून जाते, याचा विचार घरात बसून व्हायला हवा.

पुण्याला टेम्पो हा शब्दच घरचा. १९५८ साली सुरू झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने हॅम्बुर्गच्या ‘टेम्पो’ गाड्यांच्या धर्तीवर इथे तीनचाकी बनवायला घेतली, पुढे कारखाना आकुर्डीला आला आणि मग मॅटॅडोर आली. २००५ मध्ये कंपनीने स्वतःचे नाव बदलून फोर्स मोटर्स केले. लोकांनी मात्र ते नाव सोडले नाही. आज कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी असो, मार्केट यार्डात तो टेम्पोच.

त्याच २००५ साली टाटांची एस आली. दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, पाऊण टनाची क्षमता, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले आणि तेच नाव पक्के झाले. ती तयार होत असतानाची एक गोष्ट सांगितली जाते. कंपनीची माणसे तीनचाकी चालवणाऱ्यांना विचारत फिरत होती, तुम्हाला काय हवे? एकाने उत्तर दिले, चारचाकी असली तर गावात लग्नाला मुलगी चांगली मिळेल. ऐकणाऱ्यांना हसू आले असेल. आम्हाला येत नाही. तीन चाके आणि चार चाके यांत मालाच्या वजनाचा फरक थोडा, माणसाच्या वजनाचा फार. मुलगा काय करतो, या प्रश्नाला ‘स्वतःची चारचाकी आहे’ असे उत्तर देता येणे ही आपल्या वस्त्यांत साधी गोष्ट नाही. गाडी घेणाऱ्याच्या मनात हे असते आणि ते असण्यात लाजण्यासारखे काही नाही. पण हप्ता मुलीकडचे भरत नाहीत, हेही तितकेच खरे.

हौद्याकडे वळू. घेणारा पहिल्यांदा हौदा मोजतो यात शहाणपण आहे. तुमचा माल कोणता, यावर गाडी ठरते. भवानी पेठेतून प्लायवूड आणायचे असेल तर त्याचा पत्रा आठ फूट बाय चार फूट असतो. छोट्या हत्तीचा हौदा सात फुटांच्या आसपास, म्हणजे पत्रा फाळक्याबाहेर लोंबणार, मागे लाल फडके बांधावे लागणार. पिकअपचा हौदा आठ-नऊ फुटांपासून पुढे असतो, त्यात तोच पत्रा सपाट बसतो. मंडपवाल्याला पाइप आणि बांबू न्यायचे असतात, त्याला उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. भाजीवाल्याला क्रेटची थप्पी लावायची असते. पाण्याचे जार पोचवणाऱ्याला लांब हौदा काय कामाचा? त्याला बोळात वळणारी गाडी हवी. ताडीवाला रोड किंवा दांडेकर पूल वस्तीच्या गल्लीत ज्याने गाडी रिव्हर्स घेतली आहे, त्याला हे सांगायला नको.

जारवाल्यावरून वजनाचा हिशेब सांगतो. वीस लिटरचा भरलेला जार म्हणजे जारासकट सुमारे एकवीस किलो. पस्तीस जार चढवले की पाऊण टन भरला. आम्ही पाहतो त्या गाड्यांत पन्नास-साठ दिसतात. दुकानदार म्हणतो एका खेपेत आण, चालक म्हणतो डिझेल वाचेल, आणि ‘ही गाडी दीड टन सहज उचलते’ ही तिची सर्वांत मोठी स्तुती होऊन बसते. खरे सांगायचे तर गाडी घेणाऱ्यांना सर्वांत आवडणारा गुण हाच आहे, आणि गाडी लवकर मारणारा गुणही हाच. पाटे तुटतात, टायर फाटतात, क्लचप्लेट जळते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार असे लिहिले आहे. ज्याला रोज सव्वा टन न्यायचाच आहे, त्याने पाऊण टनाची गाडी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. पहिल्याच दिवशी सव्वा टनाची घ्यावी.

‘ओढते का’ हे सगळे विचारतात. ‘थांबते का’ हे कोणी विचारत नाही. पुणे खोलगट जागी वसले आहे. सासवडला निघा, दिवे घाट किंवा बोपदेव. साताऱ्याला निघा, कात्रज. भरलेली गाडी चढवली की ती उतरवावीही लागते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर काय होते ते सगळ्या शहराने पाहिले आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका मोठ्या ट्रकने चाळीसवर गाड्यांना धडक दिली. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायची खोड छोट्या टेम्पोवाल्यांनाही आहे. चाचणीसाठी गाडी देतात तेव्हा ती रिकामी असते, रिकाम्या गाडीचा ब्रेक कोणाचाही लागतो. ओळखीच्या कोणाची तशीच गाडी भरलेली असताना एकदा शेजारी बसून घाट उतरून या. शोरूमच्या कागदांत जे सापडत नाही ते तिथे कळेल.

तिसरी गोष्ट लोक पाहतात ती म्हणजे मेकॅनिक. हे आम्हाला पूर्ण पटते. रात्री अकरा वाजता यवतजवळ गाडी बंद पडली तर उघडेल असे गॅरेज आहे का, आणि सामान नाना पेठेत सकाळी मिळेल का, हा प्रश्न हॉर्सपॉवरपेक्षा मोठा. रस्त्यावर ज्या गाड्या जास्त, त्यांचे मिस्त्री जास्त आणि जुन्या गाडीला भावही चांगला. छोटा हत्ती किंवा बोलेरो पिकअप लोक डोळे मिटून घेतात, त्यामागे जाहिरात थोडी आणि हे जास्त.

मात्र एक बदल लक्षात घ्यायला हवा. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या गाड्या बीएस-सहाच्या आहेत. धूर कमी व्हावा म्हणून त्यांत सेन्सर आणि नळ्यांचे जाळे आले. समोर पिवळा दिवा लागला की जुना मिस्त्री पान्हा घेऊन काही करू शकत नाही. त्याला लॅपटॉप जोडावा लागतो. तेव्हा मिस्त्री ओळखीचा आहे एवढ्यावर भागत नाही. त्याच्याकडे हे यंत्र आहे का, नसेल तर कंपनीचे वर्कशॉप तुमच्या धंद्याच्या रस्त्यावर आहे का आणि ते गाडी किती दिवस अडकवून ठेवते, हे तिथे उभ्या असलेल्या चालकांना विचारावे. चालक खोटे बोलत नाहीत; फार तर शिव्या जास्त देतात.

इंधनाचे थोडक्यात सांगतो. सीएनजी डिझेलपेक्षा परवडते, पण पंपावरच्या रांगेत जाणारा तास हाही खर्चच, आणि टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्यावी लागते. विजेवर चालणारी एस २०२२ मध्ये आली. चालवायला ती स्वस्त, पण रात्री चार्ज कुठे करणार? ज्याची गाडी झोपडपट्टीच्या तोंडाशी रस्त्यावर उभी असते आणि ज्याला बॅटरी चोरीला जाईल म्हणून मुलाला हौद्यात झोपवावे लागते, त्याला आज तरी ती सोयीची नाही. पार्किंग आणि प्लग असलेल्या दुकानदाराने जरूर घ्यावी.

स्वतः चालवणारा आणि चालक ठेवणारा यांची नजर वेगळी असते, हेही आमच्या ध्यानात आले आहे. चालक ठेवणारा मालक सीट कधी पाहत नाही. स्वतः चालवणारा बारा-चौदा तास त्या सीटवर असतो. छोट्या गाडीत इंजिन सीटखाली, म्हणजे एप्रिल-मेमध्ये तव्यावर बसल्यासारखे. रात्री घरी पाठीला बाम चोळणाऱ्या बाईला विचारा, गाडी कोणती घ्यावी. तिचे उत्तर ऐकण्यासारखे असेल.

आता मुख्य गोष्ट, हप्ता. इथे आम्ही जरा थांबणार आहोत, कारण गाडी चुकली तर विकता येते, कागद चुकला तर पाच वर्षे फेडत बसावे लागते. सहा लाखांचे कर्ज धरा, पाच वर्षांसाठी. फायनान्सवाला म्हणतो, ‘‘फक्त सात टक्के!’’ तुम्ही मनात म्हणता, बँक तर बारा टक्के सांगते, हा देवमाणूसच भेटला. पण त्याचे सात टक्के ‘फ्लॅट’ असतात. म्हणजे तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असलात तरी व्याज पाचही वर्षे पूर्ण सहा लाखांवर. सहा लाखांचे सात टक्के बेचाळीस हजार, पाच वर्षांचे दोन लाख दहा हजार. एकूण आठ लाख दहा हजार, महिना १३,५०० रुपये. बँकेच्या घटत्या शिलकीवरच्या बारा टक्क्यांनी तोच हप्ता सुमारे १३,३५० येतो. म्हणजे देवमाणसाचे सात टक्के हे बँकेच्या साडेबारा टक्क्यांच्या बरोबर झाले. आणि तो बारा टक्के फ्लॅट म्हणाला असता तर हप्ता सोळा हजारांवर गेला असता. तेव्हा टक्के विचारूच नका. विचारा एवढेच : महिन्याला किती, किती महिने, आणि एकूण हातातून किती जाणार. दहावीतल्या मुलीला पाटीवर गुणाकार करायला सांगा, तिच्या समोर बसून.

१३,५०० रुपयांचा हप्ता महिन्याचे सव्वीस दिवस गाडी चालली तर दिवसाला ५२० रुपये होतो. चार दिवस गाडी उभी राहिली की तोच सहाशेच्या वर. हे डिझेल, विमा, टायर, वाराई आणि चालकाचा चहा सोडून. पावसाळ्यात मंडपाचे काम नसते, वाळू-विटांचे भाडे कमी होते. शोरूममध्ये हिशेब नेहमी लग्नसराईच्या महिन्याचा मांडला जातो. तुम्ही आषाढाचा मांडा. आषाढात हप्ता निघत असेल तर गाडी घ्या. शोरूमची जागा, गाडीचा रंग, बंपरची चमक हे सगळे त्याच्या नंतर.

कर्ज कुठून घ्यायचे? शोरूममध्ये टेबल मांडून बसलेला फायनान्सवाला सर्वांत जवळ, म्हणून लोक तिथेच सही करतात. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. त्याच्या बीज भांडवल योजनेची रचना अशी की पाच लाखांपर्यंतच्या धंद्यात मोठा वाटा बँकेचा, वीस टक्के महामंडळाचा चार टक्के व्याजाने, आणि आपल्या खिशातून पाच टक्के. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध दोघांसाठी ही योजना आहे. खेटे घालावे लागतात, हे आम्हाला माहीत आहे. बँकेचा साहेब सरळ बोलत नाही, हेही माहीत आहे. पण चार महिने खेटे घालणे आणि पाच वर्षे जादा व्याज भरणे यांतले स्वस्त कोणते ते ज्याचे त्याने पाहावे. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. त्याआधीच्या किमतीचा जुना कागद कोणी समोर ठेवला तर तारीख पाहा.

कोऱ्या कागदावर सही करू नका. हे आम्ही पुन्हा पुन्हा लिहितो आणि लोक पुन्हा पुन्हा करतात. एखाद-दुसरा हप्ता थकला तर भर रस्त्यात चार दांडगे किल्ली काढून घेतात, अंगावर धावून जातात. वसुलीसाठी असे गुंड लावणे चालणार नाही, कायद्याच्या मार्गानेच जा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली एका बँकेला स्पष्ट बजावले आहे. असा प्रसंग आला तर घाबरून किल्ली देऊ नका, पोलीस चौकीत जा. पण हप्ता चुकणार असे दिसताच आधी स्वतः जाऊन लेखी सांगा आणि पोच घ्या. गप्प बसणाऱ्याचीच गाडी आधी उचलली जाते.

परवान्याबद्दल बरेच वाचक विचारतात. मालासकट एकूण वजन तीन हजार किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. त्यापुढे लागते. तेव्हा पिकअप घेताना आरसीवर येणारा हा आकडा विचारून घ्या. दुसरे, साध्या हलक्या मोटारीचा परवाना असलेला माणूस साडेसात हजार किलोंपर्यंतची मालगाडी चालवू शकतो, त्याला वेगळा शेरा लागत नाही, असे ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितले. कोणी एजंट ‘बॅज नाही, विमा मिळणार नाही’ म्हणून पैसे मागत असेल तर त्याला ही तारीख सांगा. पासिंग मात्र चुकवू नका. नव्या गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी.

आणि आता जे लिहायला आम्हाला जड जाते. आपल्यात हौद्याचा आणखी एक उपयोग होतो. १ जानेवारीला कोरेगावला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला, लग्नाला, साखरपुड्याला, मातीला. घरची गाडी आहे, ताडपत्री टाकली, सतरंजी अंथरली, तीस माणसे बसली. म्हातारी पुढे, लेकरे फाळक्याला टेकून. ११ ऑगस्ट २०२५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, खेड तालुक्यात, कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांचा पिकअप घाटात कोसळला. किमान दहा बायका गेल्या. त्याही अशाच घरातून, हसत, डबे घेऊन निघाल्या होत्या.

मालगाडीच्या विम्यात मालाबरोबर निघालेला मालाचा धनी किंवा त्याचा माणूस धरला जातो. हौद्यात बसलेले पाहुणे धरले जात नाहीत, भाडे देऊन बसलेले असोत की फुकट. आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. याचा अर्थ, अपघात झाला तर मेलेल्यांच्या घरची भरपाई गाडीमालकावर येते. विमा कंपनीला आधी द्यायला लावली तरी ती मालकाकडून वसूल करते. एका दिवसात दोन्हीकडची घरे बसतात, आणि दोन्हीकडे आपलीच माणसे. कोरेगावला त्या दिवशी बसगाड्या सोडल्या जातात. वस्तीने वर्गणी काढून मिनीबस ठरवली तर माणशी फार जात नाही. गाडीमालकाला पाहुण्यांसमोर ‘नाही’ म्हणणे अवघड असते, म्हणून हे काम वस्तीतल्या मोठ्या माणसांनी करावे. महिला मंडळांनी तर बैठकीत हा विषय घ्यावाच.

गाडी कोणाच्या नावावर घ्यायची, हेही आधी ठरवा. कर्जाला सही बायकोची, जामीन सासरा आणि आरसी बुक धाकट्या भावाच्या नावावर, अशी घरे आम्हाला ठाऊक आहेत. भाऊ वेगळा निघाला की गाडी जाते, हप्ता राहतो.

गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी हार, फोटो, पेढे सगळे असू द्या. चाकाखाली लिंबू ठेवायचा आग्रह शोरूमवाले करतात, ते तेवढे टाळावे. त्याआधी बनावटीचा महिना पाहा. वर्षभर ऊन खात उभी राहिलेली गाडी नवी म्हणून गळ्यात मारतात. स्टेपनी, जॅक, पान्हे मोजून घ्या. विम्याच्या कागदावर चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवून पाहा.

आणि पाच वर्षांनी शेवटचा हप्ता फिटेल तेव्हा पेढे वाटून थांबू नका. फायनान्स कंपनीकडून ना-हरकत पत्र आणि सही केलेला फॉर्म ३५ घ्या, आरटीओत जाऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. येरवड्यातल्या एका घरात हप्ते फिटून तीन वर्षे झाली तरी आरसीवर कंपनीचे नाव तसेच होते. गाडी विकायला काढली तेव्हा कळले. तोवर त्या कंपनीची इथली शाखा बंद झाली होती, आणि त्या एका कागदासाठी नवरा-बायकोला मुंबईच्या चार खेपा घालाव्या लागल्या.